अर्नेस्तिनताईच्या कोमट नळ्या

आमचे हे, अर्मां, लुइस्टन ह्या बर्फाळ गावात चाळीस वर्षं प्लंबिंग करतात. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि उघडलं की समोरच्याचा मान ठेवायचा नाही, असा माणूस.

माझ्या थोरल्या बहिणीची, अर्नेस्तिनताईची, घर तापवणारी तेलाची भट्टी मोडली तेव्हा ह्यांनीच विजेचं नवं यंत्र बसवलं. भट्टी नळ्यांतलं पाणी एकशे ऐंशी फॅरनहाइटपर्यंत तापवायची, हे यंत्र एकशे वीसवरच थांबतं. म्हणून ह्यांनी भिंतींच्या कडेने, जमिनीलगत दुप्पट नळ्या फिरवल्या.

आणि जानेवारीत ताई कोट घालून नाश्ता करू लागली! तिच्या लेकीने, मोनीकने, बॉस्टनहून फोनवर सुनावलं, "रविवारी येते. घर असंच गार असलं तर तुला घेऊन जाणार, घर विकणार." दिवंगत नवऱ्याबरोबर, लिओबरोबर, थाटलेलं चौपन्न वर्षांचं घर. ताई माझ्याकडे येऊन रडली.

शुक्रवारी सकाळी हे ताटातलं धिरडं अर्धं टाकून तिच्याकडे निघाले, मागोमाग मी. यंत्र ठीक, नळ्या ठीक. मग ह्यांची नजर घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या बटणावर गेली.

"रात्री हे कमी कोण करतं?"

"मीच. झोपताना अठ्ठावन्न, उठल्यावर अडुसष्ट. लिओचा नियम. तेल काय फुकट येतं?"

"अहो ताई, तेल आहे कुठं आता? भट्टी घोडा होती, टाच मारली की पळायची. हा बैल आहे. सावकाश चालतो, पण थांबवायचा नाही. रात्री थांबवलात तर घर तापायला दुपार होणार!"

आमच्याकडे सगळेच रात्री कमी करतात, मीसुद्धा.

ताई हळूच म्हणाली, "तो गेल्यापासून त्याचं म्हणून एवढंच एक काम करते रे मी."

ह्यांचा आवाज उतरला. "लिओ असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं. शिव्या घालून. हात लावू नका."

दोन रात्री ताईने कशा काढल्या तिलाच ठाऊक, पण बटणाला हात लावला नाही.

रविवारी मोनीक आली ती कोटासकट वाकली आणि नळीवरच्या पत्र्याला हात लावला. "बघ! कोमट आहे. काका, बिघडलंय हे."

ह्यांनी तोंड उघडलं नाही. जन्मात एकदा शहाणपण सुचलं!

ताईने दोन्ही हात पुढे केले. "पत्र्याला काय लावतेस? मला लाव."

मोनीकने आईचे ते उबदार हात धरले. कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. मग कोट काढून खुर्चीवर टाकला.

"आई, माझ्या जुन्या खोलीत झोपू का आज?"

ताईला हुंदका आला. मलाही आला, खोटं कशाला बोलू?