पिवळी पूड

"हात खाली घे! टेबलाला लावू नको तो!"

शिळफाट्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडत होता आणि बाकावरचे झाडून सगळे रोगी आपापली दुखणी विसरून माझ्याकडे बघत होते. खोकणाऱ्याचा खोकला थांबला. सुईला रडणारं पोर गप झालं. मी उजवा हात धरून उभी. मनगटाच्या वर फोड. फोड कसला, इर्शाळगडाचा सुळका. ठणकायला लागला की वाटायचं, नेरळच्या फलाटावरच्या माणसालाही ऐकू जात असेल.

"चार सुया मारल्या तुला. पेनिसिलिनच्या," डॉक्टर म्हणाला. "दुसरा कोणी असता तर कधीच बरा झाला असता. तुमच्या लोकांत अंघोळीची पद्धतच नाही. औषध काय करणार घाणीला?"

तुमच्या लोकांत. शिंक आल्यासारखं सहज बोलला. माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात दोन गोष्टी रोज होत, वंदना आणि अंघोळ. आई आम्हाला काथ्यानं अशी घासायची, की वर्षाला एक कातडी जायची. हे सगळं तोंडात होतं. पण तोंड उघडलं नाही. वस्तीत चार बायांना एकटी पुरून उरणारी मी, पदराखाली हात लपवून बाहेर पडले. आणि खरं सांगते, यात काही फुगवलेलं नाही, मला वाटलं डॉक्टर बरोबर बोलला. आपल्यातच काहीतरी घाण असणार.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या माळावर सेठनं पोल्ट्री काढली होती. कोंबड्या इतक्या, की सगळ्या एकदम ओरडल्या तर माथेरानच्या डोंगरानं कान झाकून घ्यावेत. आमच्या वस्तीतल्या आम्ही सहा बाया तिथं कामाला. कामाची वाटणी ठरलेली. अंडी उचलायची गावातल्या बायांनी. शीट काढायची आणि खाद्य कालवायचं आम्ही. अंडी माथेरानच्या हॉटेलात जायची, त्यांना आमचा हात लागायला नको. अंडं कोंबडीच्या कुठनं बाहेर येतं, ते सेठला कोणी सांगितलं नसावं.

खाद्य कालवायचं म्हणजे सिमेंटच्या हौदात मक्याचा भरडा, पेंड, सुकी मासळी ओतायची. वरून डबाभर पिवळी पूड. मग कोपरापर्यंत हात घालायचे आणि ढवळायचं. फावडं चालायचं नाही. फावड्याखाली पुडीच्या गुठळ्या राहतात, बाईच्या बोटांना गुठळी बरोबर सापडते, असं मुकादम सांगायचा. आमची बोटं अशी कौतुकाची. पूड औषधाची होती, माणसाच्या दवाखान्यात मिळतं त्याच जातीच्या औषधाची. कोंबडी आजारी असो नसो, रोज घालायची. तिला रोग होत नाही आणि ती लवकर भरते.

आता आमचा शहाणपणा ऐका. एवढं भारी औषध, ते कोंबडीनं एकटीनंच का खावं? आम्ही चिमूट चिमूट पूड पदराच्या गाठीला बांधून घरी आणायचो. पोराला ताप आला, पूड. कोयता लागला, पूड. माझ्या शेजारणीनं तर दात दुखला म्हणून हिरडीत पूड भरली होती, दोन दिवस पिवळं हसत होती. माझ्या फोडावर मी रोज दोन वेळा पूड चोळत होते. कोंबडी भरते, तर मी का नाही भरणार? भरला. फोडच भरला.

दवाखान्यातून आले त्यानंतर आठवड्यात मनगटापासून काखेपर्यंत लाल रेघ चढली. मी तापात बडबडायला लागले. माझा भाऊ म्हणाला, ही बरी असतानाही एवढंच बडबडते, पण आत्ताचं काही कळत नाही, म्हणजे आजारी आहे. त्यानं मला उचललं आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन टाकलं. तिथं पहिल्या दिवशी मी कानानं ऐकलं, हात ठेवायचा की कोपरापासून काढायचा ते दोन दिवसांत बघू.

उजवा हात. पोरीची वेणी घालायचा, भाकरी थापायचा, कामावरचा. दोन दिवस मी त्या हाताकडे बघत पडले. एकही थाप मारली नाही. आयुष्यातले तेवढेच दोन दिवस.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं फोड फोडला, आतला पू कापसावर घेतला आणि तपासायला दिला. तिसऱ्या दिवशी स्वतःच काचेची बशी घेऊन आली. बशीत पिवळट थर आणि त्यावर कागदाच्या बारक्या टिकल्या. म्हणाली, हा थर म्हणजे तुझ्या फोडातले जंतू, आणि एकेका टिकलीत एकेक औषध. औषध लागू पडलं की टिकलीभोवतीचे जंतू मरतात, गोल मोकळा होतो. मी बघितलं. एका टिकलीभोवती मोकळं होतं. बाकीच्या टिकल्यांना जंतू खेटून बसले होते. पंगतीला बसावेत तसे.

तिनं विचारलं, काम काय करतेस. मी सांगितलं. कोंबड्यांना काय घालता, विचारलं. मी पुडीचं सांगितलं. रोज, तिनं विचारलं. रोज, मी म्हटलं. मग गाठीतल्या चिमटीचंही सांगितलं.  मग तिनं समजावलं, रोज थोडं थोडं औषध मिळालं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. ते कोंबडीत वाढतात, शिटेत पडतात, कालवणाऱ्याच्या हातावर चढतात. मग माणसाला तेच औषध दिलं तर ते हसतात.

मी विचारलं, "मी घाण हाय म्हणून झालं का, बाई?"

"तू दिवसातून किती वेळा हात धुतेस?"

"चार-पाच."

"मग तू घाण नाहीस. तुला रोज घाणीत हात घालायला लावलाय."

त्या मोकळ्या गोलातल्या औषधानं हात वाचला. करंगळी मात्र आजही वाकत नाही. कप धरला की साहेबिणीसारखी वर राहते.

वस्तीत परत आले ती सरळ पोल्ट्रीवर. दुपारची सुट्टी होती, आमच्या पाचजणी शेडच्या मागं भाकरी खात होत्या. मी म्हटलं, "हात दाखवा गं."

कोणी दाखवेना. मी माझा उघडा केला, टाक्यांसकट. तेव्हा एकीनं पदर सारला. मग दुसरीनं. पाचजणींच्या हातांवर फोड, काही ताजे, काही वाळलेले. रोज एकाच हौदात हात घालत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच घाण. तिथं मात्र माझं डोकं भडकलं. फोड दुखला नव्हता तेवढं ते दुखलं.

सुट्टी संपली. मुकादमानं हाक मारली. आम्ही हौदापाशी गेलो आणि उभ्या राहिलो. हात बाहेर. सेठ गाडीतून उतरून आला. डॉक्टरीणबाईनं पुडीचं लिहून दिलेला इस्पितळाचा कागद मी पुढं केला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"चार दिवस मुंबईला राहून डॉक्टर झाली काय गं?" तो म्हणाला. "औषध आहे ते. औषधानं कधी रोग होतो?"

मी म्हटलं, "मग सेठ, आज तुमी कालवा."

सगळा माळ गप झाला. कोंबड्याही गप झाल्या म्हणते मी, कोणाला खोटं वाटलं तर वाटो. सेठनं हौदाकडे बघितलं. पिवळ्या पुडीकडे बघितलं. आणि दोन्ही हात खिशात घातले.

त्याला ठाऊक होतं.

आम्ही सहाजणी फाटकाबाहेर येऊन बसलो. उद्याची चूल कशी पेटणार ते एकीलाही माहीत नव्हतं. पण ठरलं ते पक्कं. आजारी कोंबडीला औषध द्या, धडधाकटीला नको. फावडं द्या, हातमोजे द्या. फोडाचा इलाज तुमच्या खर्चानं. आणि गाठीतली पूड आम्ही तिथंच मातीत झटकली.

मुकादम आमच्या जागी हात घालायला माणसं शोधत दोन दिवस हिंडला. फोडांची गोष्ट त्याच्या आधी गावोगाव पोचली होती. ती कोणी पोचवली, मला विचारू नका. फोड कलिंगडाएवढा होता असं कोणी सांगत असेल, तर ते माझंच काम.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. वाणी मऊ.

"सेठनं रबरी हातमोजे आणलेत," म्हणाला. "एक जोड. तुझ्यासाठी. उद्यापासून ये कामाला."

मी पोरीची वेणी घालत होते. वर न बघता म्हटलं,

"आमी सहाजणी हाव."