अज्ञात टांकसाळीचा पैसा

माझ्या बोटाला तेव्हाच कळलं होतं हो! सगळी अक्षरं उठावदार, आणि ही एकच खूण खोल. पण बोटाचं ऐकायला मी जमिनीवर होते कुठे? थांबा, नीट सांगते. हसायचं मात्र शेवटी.

माझे पणजोबा फौजेत होते. त्यांना कोरियाला ड्युटी लागली, तेव्हा तिथून देवळाली कॅम्पच्या घरी त्यांनी तांब्याचं एक जुनं ओतीव नाणं आणलं. मधोमध चौकोनी भोक. म्हणून घरात त्याचं नाव 'भोकाचा पैसा'.

यंदा कॉलेजात नाण्यांचं प्रदर्शन ठरलं आणि मी पुस्तकांत घुसले. या नाण्यांच्या पाठीवर भोकाच्या वर टांकसाळीची खूण असते. आमच्यावरची होती खजिना खात्याची. मला चक्क वाचता आली! मी, जी कुकरच्या शिट्टीला दचकते, ती कोरियन नाणं वाचत होते!

पण भोकाच्या खाली आणखी एक खूण होती. तळाला आडवी रेघ, तिच्यावर दोन खांब, मध्ये आडवं लाकूड, एका खांबाला गाठ. कोठारच असणार! पुस्तकांतले खुणांचे सगळे तक्ते पालथे घातले. कुठ्ठेच नाही!

"मॅडम, ही टांकसाळ कुणालाच माहीत नाही!"

इतिहासाच्या मॅडम खुर्चीतून उठल्याच. "मधुरा, नाशिकचं नाव काढलंस गं!"

झालं! नाण्याला काचेची पेटी मिळाली, वर पाटी लागली : 'अज्ञात टांकसाळ. शोध : मधुरा'. त्या पाटीचा फोटो मी कुणाकुणाला पाठवला, विचारूच नका.

प्रदर्शनाला एक नाणेतज्ज्ञ काका आले. त्यांनी नाणं पेटीतून काढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं. मग भोकाखालच्या खुणेवर बोट ठेवलं.

"बाळ, हे ओतलेलं नाही. ठिपके ठोकून काढलंय, नंतर. घरात कुणी हात लावला होता?"

"छे! शक्यच नाही!" माझा आवाज चिरकला. "आईलाच विचारते ना!"

आई मामाबरोबर लासलगावला, कांद्याच्या लिलावात. रिंग वाजतेय, वाजतेय... सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर कुणी लावला? मीच!

"हॅलो? मोठ्यानं बोल गं, इथे गलका आहे!"

"आई, आपल्या भोकाच्या पैशावर कुणी काही कोरलं होतं का?"

"अगं, तूच की! बालवाडीत होतीस. पितळी डब्यांवर नाव घालायला भांड्यांच्या दुकानात गेलो, तर तू भोकाच्या पैशासाठी भोकाड पसरलंस. 'माझ्या पैशावर पण माझं नाव!' वैतागून त्या माणसानं एक 'म' ठोकून दिला. का गं, काय झालं?"

काकांनी नाणं हळूच फिरवून खालची खूण वर आणली. 'म'. चांगला ठसठशीत, गाठीसकट.

पण पाटी खोटी नव्हती हं! 'शोध : मधुरा'. लागला की, मधुराचाच!