तुरकर बाईंचं डाएट

तुरकर बाई शाळेत पोचायच्या आधी त्यांचं वजन पोचतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. फुलचूरच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि बिरसीहून शेअर ऑटोनं येत. "मी बसली का ऑटो सुटते, दुसऱ्या सवारीची वाट पाहा लागत नाई," हे आम्ही बाकीचे शिक्षक आठवड्यातून दोनदा तरी ऐकायचो. दुसऱ्यानं चिडवायच्या आत आपणच चिडवून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. पुढे आम्हीही सोकावलो. सगळ्यांत जास्त मी, कारण त्यांच्या शेजारी मी सडपातळ दिसायचे.

यजमान गेल्यापासून घरात त्या आणि थोरली जाऊ, दोघीच. बावीस वर्षं एका स्वयंपाकघरात दोघींचं भांडण चाललेलं. मधल्या सुट्टीत बाई त्याचा ताजा वृत्तान्त सांगत आणि सांगता सांगता भाताचा भला मोठा डबा संपवत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बाई बारीक होऊ लागल्या. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. शिपाईसुद्धा "मॅडम, एकदम फिट" म्हणून गेला. जाऊ रायपूरला मुलाकडे कायमची राहायला गेल्याचं त्यांनी मध्ये सांगितलं होतं. सुटलात कटकटीतून, असं आम्ही म्हटलं आणि विसरलो.

मला हेवा वाटत होता, खोटं कशाला सांगू. एके दिवशी वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, डाएट सांगा, लिहून घेते.

"सकाळी चहा," बाई सांगू लागल्या. "दुपारी चहा. संध्याकाळी काही नाई. गॅस पेटवासाच वाटत नाई."

व्यायामाचं विचारलं, तर म्हणाल्या, झोप येत नाही, या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. मी तेही लिहिलं: चालणे.

बाई वहीकडे बघत राहिल्या. "पोरी, सारे विचारून राहिले, कसं केलं. काऊन झालं, ते कोणीच नाई विचारलं."

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तीन महिने उशिरानं मी विचारलं, काय झालं.

"भांडाले कोणी नाई घरी," बाई म्हणाल्या, आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच रडल्या.

मी माझा डबा त्यांच्यापुढे सरकवला. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, वांग्याला काही चव नाही. मी म्हटलं, तुमच्या जिभेलाच नसेल. त्यावर त्यांनी माझं फोडणी घालणं काढलं, मी त्यांचा स्वभाव काढला. तासाची घंटा झाली तरी आम्ही भांडत होतो, आणि डबा रिकामा झाला होता.