दोन टाक्यांचा आराम

आमच्या गावात बाईचा आराम टाक्यांवर ठरतो. गडचिरोलीहून असो की चंद्रपूरहून, ऑपरेशन करून बाई घरी आली की शेजारणी येतात, पदर सारून पोट बघतात आणि टाके मोजतात. सासूला गर्भपिशवी काढताना अकरा पडले होते. दीड महिना तिला कुणी घागर उचलू दिली नाही.

माझ्या पित्ताशयात खडे झाले. जेवले की उजव्या बरगडीखालून अशी कळ निघायची की ताट तिथंच राहायचं. चंद्रपूरचे डॉक्टर मोठ्या हौसेनं म्हणाले, "बेंबीतून एकच छेद देतो, ताई. महिन्याभरानं कुठं कापलं होतं ते तुम्हालाही सापडणार नाही." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं.

सुट्टी देताना त्यांनी बजावलं, आतून शिवलंय, सहा आठवडे वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. बजावलं ते मला एकटीला. नवरा तेव्हा खाली औषधाच्या दुकानात होता. कार्डावर लिहिलं तेही इंग्रजीत.

घरी आले तेव्हा धानाची रोवणी सुरू झाली होती. बाया आल्या. सासूनं चष्मा लावून माझ्या बेंबीत पाहिलं.

"दोनच टाके?"

"आतून आहेत," मी म्हणाले.

"आतले कोन पायते माय?" शेजारीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, त्यांच्याहून जास्त माझाच.

आठव्या दिवशी सासू म्हणाली, "बांधावर उभी राय फक्त. पऱ्ह्याच्या पेंढ्या फेकून दे." मी नवऱ्याकडे पाहिलं. "जास्त नको करू," एवढं बोलून तो पुढं निघाला. जास्त म्हणजे किती, हे त्याला विचारायला हवं होतं. बारावी शिकलेली मी, घरात सगळ्यांसमोर ओरडून सांगायला हवं होतं. पण साडी खोचली आणि गेले. रोपांच्या त्या ओल्या पेंढ्या हाताला दगडासारख्या लागत होत्या. दुपारनंतर तर ओळीत वाकलेसुद्धा, कारण बाकीच्यांच्या पाठी वाकलेल्या असताना बांधावर उभं राहायची लाज वाटली. लाज कसली, मूर्खपणा होता.

कापणीच्या दिवसांत खोकले की बेंबीपाशी लिंबाएवढा गोळा वर यायचा. हर्निया. सासूनं त्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. "मले काऊन नाई सांगतलं वं?"

सांगितलं होतं. तिच्याच अंगणात, टाके आतून आहेत म्हणून सांगितलं होतं! त्या दिवसापासून तिनं मला विळ्याला हात लावू दिला नाही, पाणी स्वतः भरलं, संध्याकाळी माझे पाय चेपले. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं, मनसोक्त भांडले तरी असते.

पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी नवऱ्याला आणि सासूला दोघांनाही आत नेऊन बसवलं. डॉक्टर आधी माझ्यावरच चिडले. "सांगितलं होतं ना मी?" मग म्हणाले, "जाळी बसवावी लागेल. काळजी करू नका, हेही दुर्बिणीनंच करू. व्रण दिसणार नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासू पुढं सरकली.

"नाई डॉक्टरसायेब, पोट उघडूनच करा. दहा-बारा टाके तरी पडू द्या. नाईतर इले कोनी बसू देनार नाई."

नवरा खाली बघत होता. हे कोणी म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही.