एक तांब्या पाणी आणि लालासाहेबांची मोटार

मोटारीच्या आत शिरणारं पाणी शोधून काढणारा पाचगणीतला सगळ्यात भरवशाचा माणूस कवठे महांकाळकडचा होता, हे कळल्यावर नवखी माणसं हसत. त्या मुलखात पाऊस पडला तर लोक तारीख लक्षात ठेवतात. बहात्तरच्या दुष्काळात हा अर्जुना होती ती मेंढरं विकून बायकोसह घाट चढला. आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग एका मोटार दुरुस्तीवाल्याकडं चाकं खोलायला लागला आणि पंचाहत्तर साली बाजाराच्या टोकाला स्वतःची पत्र्याची शेड टाकून बसला. जुलैतसुद्धा ती शेड गळत नव्हती. त्यानं दुसरी जाहिरात केली नाही.

त्याच जुलैत, एका शुक्रवारी, लालासाहेबांनी आपली जुनी काळी मोटार तिथं आणली. लालासाहेब कडेगावचे. फौजेतून सुभेदार होऊन आले, ऊस धाकट्या भावाच्या गळ्यात घातला आणि पाचगणीत टॅक्सी सुरू केली. एका शाळेतल्या मुलांच्या आईबापांना वाठार स्टेशनवरून वर आणायचं काम त्यांच्याकडं होतं. गेल्या रविवारी एका मुलाच्या आईनं अख्खा घाट घोटाभर पाण्यात पाय ठेवून पार केला. शाळेच्या मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की येत्या रविवारी त्या स्वतः गाडीत बसतील. गाडी ओली निघाली तर काम दुसऱ्याला जाईल.

त्या रविवारच्या आधीच दोन ठिकाणी उपचार झाले होते. साताऱ्यातल्या कारागिरानं रबरी नळीनं अर्धा तास मोटार भिजवली, ती सगळीकडून गळते असा निष्कर्ष काढला आणि सगळीकडं डांबर फासलं. वाईतल्यानं त्या डांबरावर डांबर फासलं. त्यात बुडाची पाणी निघून जायची भोकंही बुजली. आता आत आलेलं पाणी बाहेर पडत नव्हतं. टाकी म्हणून मोटार उत्तम झाली होती.

अर्जुनानं आतल्या चटया काढल्या, फडक्यानं पाणी टिपलं, शेगडी ठेवून बूड वाळवलं. मग चाळलेली राख पिठासारखी भुरभुरवली आणि हातातली बॅटरी लावून स्टिअरिंगसमोरच्या फळीखाली उताणा शिरला. त्याचे पाय तेवढे सीटवर दिसत होते. बाहेर त्याची बायको धोंडुबाई तांब्या घेऊन उभी राहिली.

"एका तांब्यानं काय हुतंय?" लालासाहेब म्हणाले. "साताऱ्यात नळी लावली हुती नळी."

"नळीनं समदंच भिजतंय, आबा," धोंडुबाई म्हणाली. "मग कुठनं आलं त्ये कसं कळायचं?"

दुष्काळात धोंडुबाईनं झऱ्यातून करवंटीनं घागर भरली होती. एका घागरीला अर्धा दिवस लागे. थेंब बाहेर सांडला तर सासूचं आठवडाभर ऐकावं लागे. त्या शाळेत शिकलेला हात होता. सुतासारखी धार तिनं आधी दाराच्या तळाशी धरली, मग बिजागरीवर, मग खिडकीच्या रबरावर. खालून वर. वरून सुरुवात केली की वरचं पाणी खालच्या फटीत शिरतं आणि नसत्या फटीवर आळ येतो.

आतून अर्जुना "फुडं" म्हणे, की ती पुढं सरके. दोन्ही बाजूंची दारं झाली. तांब्यात पाव हिस्सा पाणी उरलं.

"थांब," अर्जुना म्हणाला. "राखंत थेंब पडला. कशावर वततीस?"

"हुकावर."

समोरच्या काचेच्या खाली मधोमध पितळी हुक होता. गेल्या दसऱ्याला पूजेची झेंडूची माळ घसरायला लागली, म्हणून लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं भोक पाडून तो बसवला होता. दोन्ही कारागिरांनी आजूबाजूला मन लावून डांबर फासलं होतं, हुकाला मात्र हात लावला नव्हता. वाईतल्यानं तर त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं.

"देवाच्या कामाचा हुक हाय त्यो," लालासाहेब म्हणाले.

अर्जुना राखेनं माखलेला बाहेर आला. "हुक देवाचा हाय, आबा. भोक तुमचं हाय."

सुभेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग? काढून टाकायचा म्हंतोस?"

"कशापायी? दसऱ्याला फुलं कुठं अडकवशीला?"

त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन चकत्या कापल्या, एक पत्र्याच्या वर आणि एक खाली घातली, आणि हुक पुन्हा आवळला. धोंडुबाईनं उरलेलं पाणी त्यावर धरलं. राख कोरडी राहिली. शनिवारचा सगळा दिवस तो बुडाचं डांबर खरवडून भोकं मोकळी करत होता.

रविवारी घाटात पुढचं दिसत नव्हतं असा पाऊस होता. मोठ्या बाई खबरदारी म्हणून बूट काढून, पाय वर घेऊन बसल्या. वाठार येईपर्यंत पाय खाली आले होते. येताना बूटही पायात होते. काम लालासाहेबांकडंच राहिलं.

दसऱ्याला त्यांनी दोन माळा आणल्या. एक हुकाला अडकवली, दुसरी शेडमध्ये येऊन स्वतः तांब्याला घातली. धोंडुबाईनं त्यांच्यासमोर ती तशीच राहू दिली. ते गेल्यावर तिनं माळ काढून शेडच्या दाराला बांधली. दारात एक मोटार उभी होती, आणि तांब्या लागणार होता.