झाकणावरचं ‘चालू’

आज जुन्या डब्याची सुटलेली वायर सोल्डर केली आणि राळेच्या वासानं रेडिओ दुरुस्त करणारे सलीमभाई आठवले. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत त्यांनी हौसेनं या डब्यात पल्स जनरेटर, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके काढणारं यंत्र, जुळवला होता. ढीगभर ट्रान्झिस्टर तपासून एक निवडला, एकदम कोसळून ठोका द्यावा म्हणून त्याला झेपणार नाही इतकं व्होल्टेज दिलं. विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या माझ्या स्कोपवर मात्र सरळ रेघच राहिली.

“पल्स आहे. इतका झटपट ठोका पकडायला तुमचा स्कोप मंद पडतोय,” ते म्हणाले.

“चुकलं तर चुकलं म्हणावं, सलीमभाई. स्कोपला कशाला नावं ठेवता?”

दुरुस्त झालेल्या रेडिओवर लिहायचे तसं झाकणावर पेन्सिलीनं ‘चालू’ लिहून ते गेले. पुन्हा आले नाहीत.

आज लेकीच्या वेगवान स्कोपवर सुईसारखा पल्स उभा राहिला. सलीमभाई वारले त्याला चार वर्षं झाली. त्यांना हे तेव्हाच माहीत होतं. माझी माफी तेवढी राहिली.