खिळ्यावरचं दीपगृह

माझ्या सासूबाईंच्या दिवाणखान्यात एक खिळा आहे. तसे खिळे त्या घरात पुष्कळ आहेत, पण बाकीच्यांवर कॅलेंडर, किल्ल्या आणि सासऱ्यांची छत्री लटकते. हा खिळा खानदानी. दारातून आत आलं की पहिली नजर जिथे पडते, बरोबर तिथे तो ठोकलेला आहे, आणि त्यावर काय टांगायचं हे फक्त सासूबाई ठरवतात. त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. घरातल्या भिंतीकडेही त्या उत्तरपत्रिका तपासावी तशाच बघतात.

गेली कित्येक वर्षं त्या खिळ्यावर माझ्या साडूचं दीपगृह होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अमेरिकेत एका अवाढव्य तळ्याकाठी राहतात. तळं म्हणायचं आपलं; पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा उठतात, जहाजं चालतात आणि जहाजांना वाट दाखवायला काठाकाठाने दीपगृहं उभी आहेत. साडू सुट्टी मिळाली की निघतात आणि दीपगृहामागे मावळणारा सूर्य टिपून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. लाल दीपगृह, पांढरं दीपगृह, पट्ट्यापट्ट्यांचं दीपगृह. मी खाली अंगठा पाठवायचो. त्या अंगठ्यामागे काय जळत होतं, ते माझं मलाच ठाऊक.

कारण फोटो मीही काढतो. अंबडच्या कारखान्यात दिवसभर सुट्या भागांची मापं तपासायची आणि संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून सूर्य गाठायचा, हा माझा शिरस्ता. पण माझ्या एकाही सूर्याला सासूबाईंच्या खिळ्याने जवळ केलं नव्हतं. "छान आहे हो जावईबापू," असं म्हणून त्या फोटो हळूच टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवत. तो कप्पा म्हणजे माझं कलादालन.

अशात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. तीन वर्षांनी एकदा सासुरवाडी आपल्याला देवासारखं पाटावर बसवते, पुरणाचे धोंडे वाढते, अनारशांचं वाण देते. साडू खास त्यासाठी तिकडून येणार होते. आणि येणार होते ते नवीन फ्रेम घेऊन.

"जुनं दीपगृह आता फिकट झालंय," सासूबाईंनी फोनवर दोन्ही मुलींना एकदमच सांगितलं. "धोंड्याच्या दिवशी नवं लावायचंय. दोघाही जावयांनी आपापला फोटो आणा. मला जो आवडेल तो खिळ्यावर."

"मीही दीपगृहच आणणार!" मी मागून ओरडलो. नाटकात काम करायची सवय असल्यामुळे माझा आवाज फोनशिवायही तिकडे पोचला असता.

"नाशकात दीपगृह?" फोनवरून साडूंचं हसू आलं. "तिथे काय गोदावरीत बोटी चुकतात का वाट?"

झालं. आता माघार नव्हती.

खरं म्हणजे दीपगृह मी हेरून ठेवलं होतं. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने जाताना आत वळलं की एक धरण लागतं. त्याच्या फुगवट्यात पाणी उपसायची जुनी, बंद पडलेली विहीर आहे. विहीर म्हणजे पाण्यात उभा असलेला गोल, उंच बुरूज; वर लोखंडी कठडा आणि पत्र्याची टोपी. पावसाळ्यानंतर तो गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि बिचारा पोहायला येत नसलेल्या माणसासारखा दिसतो. पण मे संपत आला की पाणी ओसरतं आणि बुरूज पायापर्यंत उघडा पडतो. तेव्हा तो जगातल्या कुठल्याही दीपगृहाच्या शेजारी ताठ मानेने उभा राहील. कमी एकच, दिवा. तो दिवा मी सूर्याचा लावणार होतो. सूर्य नेमका बुरुजाच्या टोपीवर बसवायचा!

एका रविवारी मी बायकोला स्कूटरवर मागे बसवून निघालो. ओसरलेल्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या गाळात काठच्या गावची माणसं भाजीपाला लावतात, गाळपेर म्हणतात तिला. काकडीच्या वेलांमधून वाट काढत आम्ही फिरलो आणि शेवटी जागा सापडली. पाण्याच्या अगदी कडेला, गुडघ्याएवढ्या एका काळ्या दगडाजवळ उभं राहिलं की हरसूलकडच्या डोंगरांमधली खिंड बरोबर बुरुजाच्या मागे येत होती, आणि त्या दिवसांत सूर्य त्याच खिंडीत उतरत होता. चार पावलं डावीकडे गेलं तर विजेच्या तारा मध्ये येत, उजवीकडे गेलं तर पंपघराचा पत्रा.

मी श्वास रोखून उभा राहिलो. सूर्य खाली आला, टोपीला टेकणार, इतक्यात कुठूनसा वळवाचा एक ढग आला आणि पडदा पडला.

"पुढच्या रविवारी," बायको म्हणाली.

पण पुढच्या रविवारी एवढ्या काळ्या दगडांत हाच दगड कसा ओळखायचा? बाल्कनीचं ग्रिल रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा स्कूटरच्या डिकीत होता. रंग केशरी. मी ब्रश घेतला आणि दगड वरून खालपर्यंत छान रंगवून टाकला. लांबून दिसायला हवा ना!

"अहो," बायको जरा विचारात पडून म्हणाली, "दुसरा रंग नव्हता का?"

मी तिच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते कौशल्य आपोआप येतं.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. दगड खरंच लांबून दिसला. फक्त त्याच्यावर झेंडूचा हार होता, पुढे फोडलेला नारळ होता, भोवती धुतलेल्या गोट्यांचं रिंगण होतं आणि शेजारी काठीला लावलेलं लहानसं निशाण वाऱ्यावर फडफडत होतं.

मी ट्रायपॉड उघडला तोच वेलांमधून एक बाई उठून उभी राहिली. पदर खोचलेला, हातात काकड्यांची पाटी.

"ओ भाऊ! चपला काढा आधी. देव हाय."

"मावशी, हा देव नाही," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "हा दगड मीच रंगवलाय. मागच्या रविवारी. खूण म्हणून."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मग? कोणाच्या तरी हातानंच रंगणार ना तो? देव काय सोताच्या हातानं शेंदूर लावून घेतो व्हय?"

"पण मी फोटोसाठी..."

"एवढ्या दगडांत तुम्हाला ह्योच का घावला, सांगा." मला सांगता येत होतं, पण खिंड, तारा आणि पंपघराचा पत्रा हे तिच्यापुढे मांडताच माझंच म्हणणं लंगडं वाटायला लागलं. ती विजयी मुद्रेने माझ्या बायकोकडे वळली. "काकडोबा म्हनतो आम्ही. परगट झाला तशी काकडी लय आली बघा. घ्या, खाऊन बघा."

बायकोने काकडी घेतली आणि दगडाला नमस्कार केला. घरभेदी!

इकडे सूर्य खाली सरकत होता. साडूंचं विमान तीन दिवसांवर आलं होतं आणि फ्रेम करून मिळायलाच तेवढे दिवस लागणार होते; ही संध्याकाळ गेली की माझ्या हाताशी सूर्य उरणार नव्हता आणि पुढच्या धोंड्यापर्यंत खिळ्यावर परदेशी झेंडा. मी चपला काढल्या. गाळ अजून तापलेला होता, मी नाचतच दगडापाशी गेलो.

"त्या तीन टांगा देवाच्या डोक्यावर नाय ठेवायच्या," बाई म्हणाली.

"मग मागे उभा राहतो."

"मागं येल हायेत. येक बी तुडवला तर बघा."

"मग पुढे?"

"पुढं पानी हाय. अन् देवाकडं पाठ?"

"मग मी काय करू, मावशी? सूर्य चाललाय!"

"आडवं व्हा की," ती शांतपणे म्हणाली. "दंडवत घालताना कोन अडवतंय?"

आणि मी आडवा झालो. वेलांच्या दोन ओळींमधल्या अरुंद पाटात, पोट गाळात, हनुवटी जमिनीला, कॅमेरा नाकापुढे. असा साष्टांग मी कुठल्याही देवळात घातला नव्हता.

"अहो," मागून बायकोचा काकडी चावतानाचा आवाज आला, "लग्नात माझ्या आईच्या पाया पडताना एवढे वाकला असतात, तर खिळा कधीच मिळाला असता!"

दोघी खिदळायला लागल्या. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात हार घातलेला काकडोबा ठाण मांडून बसला होता. त्याला वगळायला जागाच नव्हती. मला हवं होतं साडूंच्यासारखं स्वच्छ, एकटं, साहेबी दीपगृह. इथे नारळाची शेंडीसुद्धा दिसत होती.

पण सूर्य कोणासाठी थांबत नाही. तो खिंडीत उतरला, बुरुजाच्या टोपीवर टेकला आणि क्षणभर, देवाशपथ, दिवा लागला! पाण्यावरून सोन्याचा एक पट्टा सरळ आमच्याकडे धावत आला, काठावर चढला आणि ऑइलपेंटवर असा चमकला की दगड आतून पेटल्यासारखा दिसला. मी बटण दाबतच राहिलो.

"अगं बया," बाई पुटपुटली, "दिवाच लावला की ह्यानं."

धोंड्याच्या दिवशी सासूबाईंचं घर भरलं होतं. जेवणं झाली, वाण झालं, आणि साडूंनी कागद सोडून आपली फ्रेम उभी केली. खोटं कशाला बोलू, फोटो जबरदस्त होता. गोठलेलं तळं, बर्फाने मढलेलं दीपगृह, मागे जांभळं आभाळ. सगळ्यांच्या तोंडून "वा!" बाहेर पडलं. सासूबाईंनी चष्मा लावला, मान डोलावली आणि माझ्याकडे हात केला.

मी माझी फ्रेम उलटी धरून मध्यभागी गेलो. थोडा थांबलो. रंगभूमीवर एवढं थांबावंच लागतं. आणि मग फिरवली.

कोणी "वा" म्हणालं नाही. सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. पाण्यातला बुरूज, त्याच्या माथ्यावर पेटलेला सूर्य, पाण्यावरचा सोन्याचा पट्टा आणि त्या पट्ट्याच्या टोकाला झळाळणारा, हार घातलेला देव. त्यांनी नकळत हात जोडले. त्यांच्या मागे सासऱ्यांनी जोडले. मग मेव्हणीने. आणि मग, मी डोळे भरून पाहिलं, माझ्या साडूंनी, ज्यांनी माझ्या फोटोंना आजवर अंगठ्यापलीकडे काही दिलं नव्हतं, हातातली सुपारी खिशात टाकून दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि किंचित वाकलेसुद्धा!

"कुठला हो हा देव?" सासऱ्यांनी विचारलं.

"काकडोबा," माझी बायको गंभीरपणे म्हणाली. "जागृत आहे."

आता हात जोडलेला देव टीव्हीखालच्या कप्प्यात कसा ठेवणार? सासऱ्यांनी स्वतः स्टूल आणलं. साडूंनी ते धरलं. जुनं दीपगृह उतरलं, माझं चढलं. नव्या बर्फाळ दीपगृहाला आतल्या बोळात, बेसिनच्या वर, सन्मानाची जागा मिळाली. हात धुताना सगळे बघतात.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा सासूबाई उरलेले अनारसे डब्यात भरत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जावईबापू, शेंदूर असा चमकत नाही. तो ऑइलपेंट आहे."

मी पेला ओट्यावर ठेवला. "म्हणजे तुम्हाला... मग हात जोडलेत ते?"

"ते आधी जुळले. रंग नंतर दिसला." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "इतकी चित्रं तपासली मी, त्यातल्या एकाने तरी माझ्याकडून नमस्कार घेतला होता का?"

मी उगाच नम्रपणा दाखवला. "तुमची इच्छा असेल तर उतरवतो मी तो."

सासूबाईंनी आता माझ्याकडे पाहिलं. हातात उलथनं होतं.

"हात लावून दाखवा," त्या म्हणाल्या.